काणाडोळा

अण्णांचा तांब्या जवळजवळ वर्षभर सांडत होता आणि आम्ही वर्षभर नुसतं फडकं मारत होतो.

म्हणजे व्हायचं असं, की अण्णांच्या कॉटशेजारी खाली फरशीवर रात्री पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा ही आईची लग्नापासूनची पद्धत, आणि सकाळी उठताना अण्णांचा पाय त्याला लागायचा, पाणी सांडायचं, आई कुरकुरायची, अण्णा म्हणायचे की तूच रोज जागा बदलतेस. मग कधी उंबरठ्याची ठेच, कधी मांजराच्या शेपटीवर पाय, कधी जिन्याची शेवटची पायरी उरलीय हे न कळून टाकलेलं पाऊल. वय 71. आम्ही म्हणायचो वय झालं, गुडघे गेले, लक्ष नसतं. डोळ्यांवर संशय घ्यायचं काही कारणच नव्हतं, कारण हाच माणूस सकाळी चष्मा लावून पेपरातल्या बारीक टेंडर नोटिसासुद्धा वाचायचा आणि आईला सुईत दोरा ओवून द्यायचा. कराड डेपोला सगळी नोकरी झाली, चिपळूणची गाडी घेऊन कुंभार्ली घाटात पावसाळ्याच्या धुक्यातनं पन्नास माणसं खाली उतरवलेला ड्रायव्हर. डोळ्यांचा विषय काढला की "माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय?" एवढंच.

पुढं जे कळलं ते अण्णांमुळं नाही, माझ्या चाळिशीमुळं कळलं.

चाळिशी हा आपल्याकडचा भारी शब्द आहे. वयालाही चाळिशी आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्यालाही चाळिशी, एका शब्दात कारण आणि परिणाम दोन्ही उरकलेलं. डोळ्यातलं भिंग चाळिशीच्या आसपास इतकं कडक होतं की जवळचं बघताना जसं फुगायला पाहिजे तसं फुगत नाही, त्यामुळं मोबाईल हळूहळू लांब लांब जायला लागतो, आणि एक दिवस हातच पुरत नाही. माझं 43 व्या वर्षी झालं. डाळीच्या पाकिटावरची एक्स्पायरी वाचायला मी पाच वर्षांच्या पोरीला, मनूला, हाक मारायला लागले, ती नुकती आकडे शिकलेली, तिला मजा वाटायची. मी आधी काय केलं तर सगळे करतात तेच, मंडईजवळ फूटपाथवर तयार चष्मे घेऊन बसतात त्यातला दीडशे रुपयांचा एक उचलला. वाचता आलं की हो. चार महिने आरामात काढले. मग डोकं दुखायला लागलं म्हणून ऑप्टिकलवाल्याकडं गेले, त्यानं मशीनला हनुवटी टेकवायला लावली, आत तो लांबच्या रस्त्यावरचा रंगीत फुगा दिसतो ना, तो बघितला, दोन मिनिटांत नंबर हातात, वर ब्लू कट कोटिंगचे आठशे रुपये जास्तीचे. (त्या आठशे रुपयांबद्दल नंतर वाचलं. 2023 साली कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं, बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला त्यात स्क्रीनमुळं शिणणाऱ्या डोळ्यांना त्या काचांचा काही खास फायदा दिसला नाही. स्क्रीनकडं बघताना आपण पापण्या लवायच्याच विसरतो, डोळा कोरडा पडतो, चुरचुर त्याची. मधूनमधून खिडकीतून लांब बघायचं आणि पापण्या मिटायच्या, हे फुकट आहे म्हणून कोण करत नाही.)

तिथंही मी थांबलेच असते. पण ऑफिसातल्या मैत्रिणीनं डोक्यावर बसून मला खऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवलं. तिथं नंबर काढला तो वेगळाच, पण त्यात काही एवढं नव्हतं. डॉक्टरबाईंनी डोळ्यात एक थेंब टाकून निळा दिवा अगदी बुबुळाला टेकवून डोळ्याच्या आतलं प्रेशर बघितलं, मग बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून अर्धा तास बसवलं आणि आतला पडदा बघितला. बघता बघता विचारलं, घरात कुणाला काचबिंदू आहे का? मी लगेच म्हटलं, नाही, आमच्याकडं सगळ्यांचे डोळे एकदम चांगले, वडील एसटीत ड्रायव्हर होते. त्या "हं" म्हणाल्या. प्रेशर 19 निघालं, साधारण 10 ते 21 ला ठीक म्हणतात त्यात बसतं, पण माझ्या डोळ्यामागच्या नसेच्या मधला खळगा थोडा मोठा वाटतोय म्हणाल्या, आत्ता औषध नको, दर वर्षी येऊन दाखवा, आणि वडिलांना, भावाला एकदा आणा. मी विचारलं, त्यांना काही त्रास नाही हो, कशाला? तर म्हणाल्या, त्रास होत नाही म्हणूनच.

अण्णांना पुण्याला आणायला मनूचा वाढदिवस कामाला आला. सरळ सांगितलं असतं तर आलेच नसते.

दवाखान्यात गेल्या गेल्या अण्णांनी तक्ता फाडफाड वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत, चष्मा लावून 6/6. माझ्याकडं वळून असं बघितलं की, पोरी, झालं का समाधान? मग प्रेशर बघितलं. उजव्यात 34, डाव्यात 28. डॉक्टरबाईंचा आवाज बदललेला मला कळला, अण्णांना नाही कळला. मग त्या दुसऱ्या खोलीत नेलं, तिथं ती फिल्डची मशीन असते, मोठ्या पांढऱ्या कढईत तोंड घातल्यासारखं बसायचं, एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं मधल्या दिव्याकडं टक लावून बघायचं आणि आजूबाजूला कुठंही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर. आतनं तिथल्या पोराचा आवाज, "आजोबा, डोळा हलवू नका. मध्येच बघा. आजोबा, परत हलवला." चार वेळा, पाच वेळा. अण्णा चिडले, "अरे बाबा, मध्येच बघत बसलो असतो तर मी आत्तापर्यंत दरीत असतो!"

हसू आलं मला. पण नंतर डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं की ते वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ड्रायव्हरचा डोळा एका जागी ठरत नाही, हा आरसा, तो आरसा, समोरचं वळण, खाली गिअर, परत आरसा, मान सारखी फिरती. सगळी नोकरी ज्या सवयीनं सांभाळली त्याच सवयीनं नंतर कमी दिसणं झाकून टाकलं होतं. जे एका नजरेत दिसायचं बंद झालं होतं ते अण्णा चार नजरांत गोळा करत होते आणि त्यांना स्वतःलाच त्याचा पत्ता नव्हता.

कागदावर आलं ते असं, दोन वर्तुळं, एकेका डोळ्याचं एकेक, आणि दोन्हीत खालचा भाग काळा. डाव्यात थोडा, उजव्यात जवळजवळ खालचा अर्धा. मधला भाग अजून पांढरा, म्हणून पेपर वाचता येत होता, सुई ओवता येत होती. मी विचारलं की मग यांना तिथं काळं नाही का दिसत? नाही म्हणाल्या, काळं कधीच दिसत नाही. डोळ्यातनं मेंदूकडं जाणाऱ्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात, ते बहुतेकदा प्रेशरनं वर्षानुवर्षं थोडे थोडे मरत जातात, हाच काचबिंदू, जिथलं दिसत नाही तिथं मेंदू आजूबाजूचं रंग-रूप बघून काहीतरी भरून टाकतो. फरशी आहे ना, मग अजून थोडी फरशी. तांब्या तेवढा त्यातनं गायब. आणि एका डोळ्याचं भोक दुसरा डोळा बुजवतो, त्यामुळं दोन्ही डोळे उघडे ठेवून चालणाऱ्या माणसाला कळायला मार्गच नाही. गेलेलं परत येत नाही, असलेलं राखायचं, असं दोन वाक्यांत सांगून त्यांनी अण्णांना विचारलं, आजोबा, डोळ्यात कुठले थेंब घालता का?

अण्णांनी खिशातनं बाटली काढली. खिशातनं! पेन असतं तसं. डोळे चुरचुरतात, लाल होतात, खाज येते म्हणून गावच्या मेडिकलमधनं आणलेली, चिठ्ठी वगैरे काही नाही, "ड्रायव्हरसाहेब हे घाला, बरं वाटेल", आणि बरं वाटायचंच, म्हणून संपली की दुसरी. किती वर्षं? दोन असतील, तीन असतील. डॉक्टरबाईंनी बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि टेबलावर ठेवून दिली. स्टेरॉइड होतं त्यात. डॉक्टरच्या देखरेखीखाली चार दिवस घालायला उत्तम औषध, पण महिनोनमहिने घातलं तर बऱ्याच जणांचं डोळ्याचं प्रेशर वाढतं, आणि मोतीबिंदूही लवकर येतो. अण्णांचा काचबिंदू त्यानं झाला की मुळात होताच आणि त्यानं वाढला, हे आता सांगता येणार नाही म्हणाल्या. मला मात्र त्या दिवसापासून कुणाच्याही घरी फ्रिजच्या वर ठेवलेली डोळ्याची बाटली दिसली की उचलून वाचायची खोड लागलीय. पाहुण्यांना राग येतो. येऊ दे.

सगळ्यात जास्त राग मला माझाच आला. काणाडोळा करणे म्हणतो ना आपण, तो शब्द त्या दिवशी बाकावर बसून डोक्यात फिरत होता. एक डोळा मिटून घेतला की बघायचं टळतं अशी त्या शब्दामागची कल्पना असावी. आणि इथं तर उलटं झालं होतं, आम्ही एकदा जरी एकेक डोळा झाकून बघितलं असतं तर दिसलं असतं.

हे मी पुढं नुसतं म्हणून दाखवण्यासाठी लिहीत नाहीये, त्याच बाकावर ते घडलं. मनू बरोबर होती. शाळेला सुट्टी, घरी ठेवायला कोण नाही. आजोबांना पट्टी लावलेली बघून तिला ते फार आवडलेलं, तिनंही स्वतःचा तळहात डोळ्यावर ठेवून "मी आजोबा" सुरू केलं. डावा झाकला, भिंतीवरचं चित्र ओळखलं, फुलपाखरू. उजवा झाकला आणि लगेच हात काढला. मी म्हटलं, हं, आता या डोळ्यानं सांग. परत झाकला, परत काढला, वैतागली, "नाही खेळायचं मला." मी तिसऱ्यांदा स्वतः हात ठेवला तर तिनं माझा हात झटकला आणि रडायलाच लागली. शेजारी एक बाई बसल्या होत्या त्या म्हणाल्या, दमलीय पोरगी. मलाही तसंच वाटलं खरं तर. पण अण्णांचं नुकतंच बघून आले होते ना, पोटात गोळा आला.

त्याच आठवड्यात तिची तपासणी. लहान मुलांना तीन दिवस आधीपासून घरी मलम घालायला दिलं, बाहुली एकदम मोठी होते आणि जवळचं काही दिसत नाही, तीन दिवस चित्रं काढता येईनात म्हणून पोरगी रुसून बसली. मग अंधाऱ्या खोलीत डॉक्टर डोळ्यावर उजेडाची एक पट्टी हलवतात आणि समोर एकेक भिंग धरत जातात, मुलाला काही बोलावंच लागत नाही, आतून परत येणारा उजेड कसा हलतो त्यावरून नंबर कळतो. हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं लहान पोरांचा नंबर काढणार कसा, त्यांना अक्षरं कुठं येतात. सहा महिन्यांच्या बाळाचाही काढतात.

उजवा डोळा +1.25. डावा +5. डाव्या डोळ्यानं तक्त्यावर 6/36 पर्यंतच, म्हणजे चांगल्या डोळ्याला 36 मीटरवरून वाचता येतं ते तिला 6 मीटरवरून.

लेझी आय म्हणतात, आळशी डोळा. मला तो शब्द आवडत नाही, त्या डोळ्याचा बिचाऱ्याचा काय आळस. तिचा डावा डोळा जन्मापासून थोडा आखूड, त्यात चित्र धूसर पडायचं. उजवा चांगला. मेंदूला एक स्वच्छ आणि एक धूसर अशी दोन चित्रं मिळाली की तो धूसरकडं दुर्लक्ष करायला शिकतो, आणि लहानपणी ते दुर्लक्ष पक्कं झालं तर पुढं डोळ्याला कितीही चांगला चष्मा लावा, मेंदू त्याचं ऐकायलाच तयार नसतो. सात-आठ वर्षांच्या आत पकडलं तर सुधारायचे चान्सेस चांगले, नंतर अवघड होत जातं. आणि पोरगी तक्रार कशाला करेल? तिला वाटतं सगळ्यांचा एक डोळा असाच असतो. बालवाडीत तपासणी झाली होती की तिची, कार्डावर "दृष्टी नॉर्मल" लिहिलेलं घरी आहे अजून. दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचून घेतला होता तक्ता.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, मोबाईलमुळं. मी म्हटलं, आई, हे मोबाईलनं झालेलं नाहीये, जन्मापासून आहे. मग गावाकडनं आत्यांचा फोन, "मुलीच्या जातीला आत्तापासून चष्मा? पुढं कसं व्हायचं?" मग कुणीतरी, चष्मा सारखा लावला की नंबर वाढतो, थोडा वेळच लाव. मग गाजराचा रस. गाजर, पपई, शेवग्याची पानं सगळं चांगलंच आहे, व्हिटॅमिन ए मिळालं नाही तर पोरांचा डोळा खरोखर जातो, आधी रातांधळेपणा येतो आणि मग बुबुळच खराब होतं. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी ए जीवनसत्त्वाचा तो पिवळा डोस देतात तो त्याचसाठी, आशाताई घरी बोलवायला येतात तेव्हा कंटाळा करू नये. पण आखूड डोळा गाजरानं लांब होत नाही हे मी किती जणांना सांगू.

आधी दोन महिने नुसता चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर पट्टी, रोज दोन तास. ते दोन तास मी कधी विसरणार नाही. चांगला डोळा बंद केल्यावर पोरगी दाराच्या चौकटीला धरून चालायची. पट्टी काढताना भुवयांचे केस ओढले जायचे म्हणून रडायची, पट्टी लावताना रडायची, आणि मध्ये दोन तास माझ्यावर रुसलेली. नवऱ्यानं युक्ती काढली, पट्टीच्या वेळात बारीक मणी ओवायचे, ताटातले तांदळातले खडे आजीला निवडून द्यायचे, चित्रातले फरक शोधायचे, म्हणजे त्या डाव्या डोळ्याला काम. रोज पट्टीवर वेगळं चित्र काढायचं, आज घुबड, उद्या बस. आजोबांची एसटी सगळ्यात जास्त वेळा काढली असेल, लाल रंगाचा खडू संपला. दोन महिन्यांनी 6/24, मग 6/18, मग बरेच दिवस तिथंच अडकली, आणि दहाव्या महिन्यात 6/9. मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये रडले.

या सगळ्यात दवाखान्याच्या बाकावर इतके तास गेले की तिथली माणसं पाठ झाली. एक काका होते इस्लामपूरकडचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झकास झालं, तरी दिसेना, कारण मागं पडद्यावर साखरेनं रक्त उतरलेलं. पंधरा वर्षं शुगर, गोळी रोज घ्यायचे, पण शुगरवाल्यानं दर वर्षी पडदा तपासून घ्यायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि दिसतंय तर कशाला म्हणून गेले नसतील. एक आजी, मोतीबिंदू "पिकायची" वाट बघत इतकी थांबलेली की शेवटी नातवाचा हात धरून आली, हल्ली पिकवत बसावं लागत नाही, रोजच्या कामाला अडायला लागलं की काढून घेतात. आणि एक चार वर्षांचं पोरगं, त्याचं मला अजून स्वप्नात येतं. तंबाखूच्या चुन्याची पुडी खेळताना दाबली आणि डोळ्यासमोर फुटली. घरच्यांनी आधी तूप लावलं, मग मध, मग गाडी शोधली. डॉक्टरांचं म्हणणं एकच, चुना गेला की त्या मिनिटाला नळाखाली डोळा धरायचा, अर्धा तास पाणी सोडायचं, आणि मग पळायचं, कारण चुना आतल्या आत जाळत राहतो. त्या पोराचे वडील कोपऱ्यात उभे होते, खिशात हात घालून, पुडी त्यांचीच होती.

माझ्या भावाच्या पोराची गोष्ट यापेक्षा साधी, म्हणजे सगळ्यांच्या घरातली. तेरा वर्षांचा भाचा, मुंबईत चौदाव्या मजल्यावर राहतो, नंबर -1.5, पुढच्या वर्षी -2.75, मग -4. मनूचा डोळा आखूड तसा याचा लांब होत चाललेला. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागं साधारण 24 मिलिमीटर असतो, त्यात एक मिलिमीटर वाढला की अडीच-तीन नंबर वाढतो, आणि नुसत्या जाड काचांचा प्रश्न नाही, -6 च्या पुढं गेलं की पातळ ताणलेला पडदा सुटायची भीती आयुष्यभर राहते. डोळ्यापुढं अचानक ठिपक्यांचा पाऊस, कडेला विजा चमकल्यासारखं, किंवा पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी पळायचं, असं त्याला समजावून ठेवलंय.

भाऊ म्हणतो मोबाईल काढून घेतला. ठीक आहे, पण मोबाईल काढून तू त्याला काय दिलंस तर क्लासचं पुस्तक, तेही त्याच खोलीत, त्याच ट्यूबलाइटखाली. जवळचं काम ते जवळचं काम, पुस्तकाला काही वेगळा हिशोब लागत नाही. ज्याचा पुरावा सगळ्यात पक्का आहे ती गोष्ट आहे ऊन. सिंगापूर आणि सिडनीतल्या सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांची तुलना 2008 साली छापून आली होती. सिंगापुरात 29 टक्के मुलांना मायनस नंबर, सिडनीत 3 टक्क्यांच्या आसपास. सिडनीची मुलं वाचत नव्हती असं नाही, उलट जास्तच वाचत होती, पण आठवड्याला तेरा-चौदा तास घराबाहेर असायची आणि सिंगापूरची तीन. घरातला उजेड आपल्याला लख्ख वाटतो पण उजेडाच्या मापात तो असतो तीनशे-पाचशे लक्स, बाहेर भर दिवसा दहा हजारांच्या वर, सावलीतसुद्धा घरापेक्षा कितीतरी जास्त. त्या उजेडानं पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि डोळ्याच्या वाढीला लगाम बसतो असा अंदाज आहे. तैवाननं तर रोज दोन तास मुलांना बाहेर काढायचं हे सरकारी धोरणच केलं. नंबर लागण्याआधी याचा उपयोग जास्त, एकदा लागल्यावर कमी पडतो, म्हणून भाच्याला आता नंबर वाढायचा वेग कमी करायला रात्री अगदी सौम्य अॅट्रोपिनचा थेंब चालू आहे. आणि आमच्या सोसायटीत काय बोर्ड लागलाय माहितीये? "आवारात खेळण्यास मनाई. गाड्यांना ओरखडे पडतात." मी मीटिंगमध्ये बोलले. तिघांनी माना डोलावल्या आणि सेक्रेटरींनी पुढचा विषय घेतला, पाण्याची टाकी.

अण्णांचं सांगायचं राहिलं. दोन थेंब लागू झाले, एक सकाळ-संध्याकाळ, एक रात्री. पहिले तीन महिने नीट घातले, मग बंद. का? तर "फरकच पडत नाही गं, आधी जेवढं दिसायचं तेवढंच दिसतंय." अहो अण्णा, तेवढंच दिसतंय हाच फरक! पण हे त्यांच्या गळी उतरेना, औषध म्हणजे घेतल्यावर बरं वाटलं पाहिजे, ते मेडिकलचं थेंब घातलं की कसं थंडगार वाटायचं. शेवटी आईनं एसटीच्या भाषेत सांगितलं. रात्री नऊचा थेंब म्हणजे मुक्कामी गाडी. पॅसेंजर असो नसो, गाडी सुटलीच पाहिजे. ते पटलं. आता रोज नऊला मी फोन करते, "गाडी सुटली का?" "सुटली." मग दोन मिनिटं ते बोलत नाहीत कारण डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून बसलेले असतात, थेंब घशात उतरू नये म्हणून. त्या दोन मिनिटांत फोनवर आमच्या घरचा कुत्रा भुंकलेला ऐकू येतो. काका मात्र अजून तपासायला आलेले नाहीत, अण्णांचे सख्खे धाकटे भाऊ. सख्ख्या नात्यात असलं की धोका वाढतो हे तीनदा सांगून झालं. स्कूटर चालवतात अजून. मला काय दिसत नाही ते दाखव म्हणतात.

दिवाळीत गावी होतो. दुपारी सगळे आडवे झालेले, मी स्वयंपाकघरात डबे भरत होते आणि माजघरातनं मनूचा आवाज आला. तिनं अण्णांना कॉटवर बसवलं होतं, त्यांचा डावा डोळा स्वतःच्या हातानं झाकला होता आणि त्या दवाखान्यातल्या पोरासारखंच दरडावत होती. "माझ्या नाकाकडं बघायचं. डोळा हलवायचा नाही." दुसऱ्या हाताची तीन बोटं तिनं खाली, गुडघ्याजवळ धरली होती. "किती?"

अण्णा म्हणाले, "कुठं धरलीस?"

तिनं हात थोडा वर घेतला. "आता?" नाही. अजून थोडा वर, पोटाजवळ. नाही. मी दारात येऊन उभी राहिले, तिला दिसले नाही. हात छातीपर्यंत आला, गळ्यापर्यंत आला, हनुवटीजवळ पोचला तेव्हा अण्णा म्हणाले, "तीन." मनू हसली नाही, काही बोललीही नाही, तिनं हात परत खाली नेला आणि परत हळूहळू वर आणला, आणि जिथं ते तीन म्हणाले तिथंच धरून ठेवला, जागा लक्षात ठेवल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई फडकं घेऊन आली तर कॉटशेजारी फरशी कोरडी होती. तांब्या कुणीतरी रात्रीच उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता, अण्णा बसले की बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर येईल इतक्या उंचीवर.